न बांधलेल्या सत्तावीस घरांची मालकीण

स्कोगडालच्या आसपास पन्नाशीच्या आतलं असं माणूस मिळणं कठीण, ज्याला आर्डिस ब्रेकेनं एकदा तरी बसच्या पहिल्या बाकावर आणून बसवलं नसेल. पहिला बाक म्हणजे शिक्षा. ड्रायव्हरच्या थेट पाठीशी, वरच्या लांबट आरशाच्या टप्प्यात. ती ओरडायची नाही, मागे वळायची नाही. आरशात एकदा बघायची आणि मागचा दंगा गप्प व्हायचा. एकतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली होती आणि कुणाला कशापायी पुढं बसवलं याची यादी तिच्या डोक्यात पक्की होती. बँकेचा मॅनेजर डॅरेल: दुसऱ्याच्या टोपीत थुंकला, दोन आठवडे. लोकांचे टॅक्सचे कागद भरणारी जोलीन: गृहपाठ विकायची, तीन दिवस. माणसं मोठी झाली, टकली झाली, तरी दुकानात आर्डिस समोर आली की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

बस सकाळ-संध्याकाळची. मधला सगळा दिवस शेताचा. ब्रेक्यांची एकशे ऐंशी एकर जमीन म्हणजे डोंगराची एक लांब सोंड. माथ्यावर गवताची कुरणं, दोन्ही अंगांना ओक आणि मेपलची झाडी, तळाशी ओढा, आणि ओढ्याला मिळणारा एक झरा, ज्याचं पाणी जानेवारीतही गोठत नाही. बापानं ती दोघा मुलांना निम्मी-निम्मी ठेवली होती. म्हणजे आर्डिसला, आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या ऑर्लिनला. दोघांनीही लग्न केलं नाही. विचारलं तर ऑर्लिन म्हणायचा, "गाईंना दिवसातून दोनदा पिळायचं असतं. मुलगी बघायला जायचं कधी?" दुधाचे भाव पडले तेव्हा गाई विकल्या, पण तोवर मुली बघायचं वयही विकून झालं होतं. आता गोठ्यात तीसेक कालवडी होत्या. त्यांना चारा घालायचा आर्डिसनं, गवत कापायचं आर्डिसनं, गठ्ठे रचायचे आर्डिसनं. ऑर्लिनचे गुडघे गेले होते. तो ट्रॅक्टर चालवायचा आणि सल्ला द्यायचा.

ती अडुसष्ट वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. पलीकडच्या सोंडेचा म्हातारा नोर्डगार्ड तीन वर्षांपूर्वी वारला, मुलांनी जमीन विकली आणि दोन वर्षांत तिथं मोठमोठ्या काचांची अकरा घरं उभी राहिली. शिकागोची माणसं शुक्रवारी संध्याकाळी यायची, रविवारी जायची. त्यांच्याशी आर्डिसचं काही वाकडं नव्हतं. पण मे महिन्यातल्या एका शनिवारी ती कुरणावर शेणखत टाकून घरी आली, तोच फोन वाजला.

"आम्ही समोरच्या टेकडीवरून बोलतोय," एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे जेवायला आलेत. तो वास... किती वेळ राहील हो?"

"अठराशे अडुसष्टपासून आहे," आर्डिस म्हणाली. "अजून तरी गेला नाही."

फोन ठेवला खरा, पण तो तिच्या मनातून जाईना. आपल्या मागं ही सोंड मिनियापोलिसच्या चुलत भाच्यांकडे जाणार. भाचे चांगले होते, नाताळला कार्ड पाठवायचे, पण त्यांना गाईचं पुढचं तोंड आणि मागचं तोंड यातला फरक सांगावा लागायचा. ते विकणार. मग इथंही काचा. आणि मग एकमेकांना वासाबद्दल फोन.

जूनमध्ये चर्चच्या तळघरात एक सभा झाली. जमिनी राखणारी एक संस्था होती. तिची माणसं समजावून सांगणार होती. कॉफी होती, खजुराच्या वड्या होत्या, म्हणून पंधरा-वीस शेतकरी आले. बोलायला उभी राहिली वँडा ओल्स्टॅड. (खिडकीतून सफरचंद फेकलं, एक दिवस.) आर्डिसला बघून ती बिचारी पहिली दोन वाक्यं चुकली.

"जमीन तुमचीच राहते," वँडा सांगत होती. "कसा, चारा, विका, कुणालाही द्या. फक्त तिच्यावर घरं बांधायचा, प्लॉट पाडायचा जो हक्क असतो, तेवढा तुम्ही आम्हाला दान करायचा. आम्ही तो वापरत नाही. नुसता सांभाळून ठेवतो, म्हणजे पुढं कुणालाच वापरता येत नाही. आणि ते दान आहे म्हणून सरकार तुम्हाला टॅक्समध्ये सूट देतं."

आर्डिसनं हात वर केला. "थांब, वँडा. जे मी जन्मात करणार नव्हते, ते करायचा हक्क मी सोडायचा. आणि त्याबद्दल सरकार मला सूट देणार?"

"हो, बाई."

"मग मी पॅरिसला नाचायला जायचा हक्कही सोडते. लिहून घे."

तळघर हसलं. वँडाही हसली, पण मग म्हणाली, "त्यात एक मेख आहे. कायमचं म्हणजे कायमचं. पन्नास वर्षं, शंभर वर्षं असं चालत नाही. तसं लिहिलंत तर एका सेंटाची सूट नाही. आणि लोकांचं त्यात काही भलं दिसावं लागतं. तुमच्याकडे ओढा आहे, त्यात ट्राउट मासे आहेत, रस्त्यावरून दिसणारी सोंड आहे. तुमचं बसतं त्यात."

आर्डिस खिशात एक वडी आणि हातात एक माहितीपत्रक घेऊन घरी आली आणि दोन्ही ऑर्लिनपुढं ठेवलं. वडी त्यानं खाल्ली.

"कायमचं?" तो म्हणाला. "अगं, बापानं बांधलेलं कोठार साठ वर्षं टिकलं नाही, आणि तू कायमच्या गोष्टी करतेस! कायमचं फक्त चर्चवाल्यांनी बोलावं. त्यांना कुणी परत येऊन विचारत नाही."

"तुला विकायची आहे का?"

"नाही."

"बांधायचं आहे?"

"मला? माझ्या गुडघ्यांना?"

"मग अडचण कुठं आहे?"

अडचण कुठं होती ते तिला ठाऊक होतं. ती ऑर्लिनच्या पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात होती. जमिनींचे दलाल वर्षातून आठ-दहा वेळा पत्रं पाठवायचे: 'माननीय ब्रेके साहेब, आपल्या रम्य मालमत्तेविषयी...' ऑर्लिनला दुसरं कुणी पत्र लिहीत नव्हतं. नवं पत्र आलं की शुक्रवारी संध्याकाळी तो ते लेनीच्या बारमध्ये घेऊन जायचा. तळलेला मासा खाऊन झाला, ब्रँडीचा ग्लास समोर आला, की चष्मा लावून सगळ्यांना वाचून दाखवायचा. मग घडी घालायचा आणि म्हणायचा, "नाही म्हणजे नाही." लाखो डॉलरना असं भर बारमध्ये नाही म्हणणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता. हक्कच सोडून दिला तर पत्रं कोण लिहिणार आणि तो नाही कुणाला म्हणणार?

आर्डिसनं हे तोंडावर म्हटलं नाही. बहिणी अशा काही गोष्टी झाकून ठेवतात. ती सरळ जोलीनकडे गेली.

जोलीनचं ऑफिस पशुखाद्याच्या दुकानाशेजारी होतं. तिनं दार लावलं, पेन घेतलं. "बाई, हे सोपं नाहीये, पण सांगते. आधी जमिनीची आजची किंमत काढायची. मग हक्क गेल्यावर किती राहील ती काढायची. मधला फरक म्हणजे तुमचं दान. ते तुम्ही ठरवायचं नाही, मी ठरवायचं नाही, संस्थेनं तर नाहीच. त्यातला शिकलेला, परवान्याचा व्हॅल्युअर लागतो. आणि त्याचं मूल्यांकन सहीच्या आधी साठ दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. एकसष्टावा दिवस उजाडला की पुन्हा त्याला बोलवा, पुन्हा फी."

"पुढं."

"पुढं असं की दान मोठं आणि तुमची मिळकत लहान. म्हणून कायदा म्हणतो, एका वर्षात संपवू नका, पुढची पंधरा वर्षं थोडं थोडं वापरा. दर वर्षी मिळकतीच्या निम्म्यापर्यंत. शेतकरी असला तर सगळीच्या सगळी."

"मग आम्ही शेतकरीच आहोत."

जोलीननं पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "ऑर्लिनकाका आहेत," ती म्हणाली.

"आणि मी?"

"कायद्यानं... निम्म्याहून जास्त मिळकत शेतीची हवी, बाई. काकांची दुसरी मिळकतच नाही. तुमचा बसचा पगार तुमच्या निम्म्या शेतीपेक्षा जास्त आहे. या वर्षी तुम्ही ड्रायव्हर आहात."

आर्डिसनं आपले हात टेबलावर ठेवले. गठ्ठ्यांच्या दोऱ्यांनी बोटांना पडलेले घट्टे वर करून ठेवले. "हे त्यांना दाखवायला कुठं जायचं?"

"हातांचा रकाना नाहीये फॉर्मवर," जोलीन अगदी हळू म्हणाली.

ऑर्लिनला हे कळलं आणि त्याचा जुलै महिना सोन्याचा झाला. गेली चार वर्षं ज्यानं गवताचा एक गठ्ठा उचलला नव्हता, तो सकाळी खुर्चीत बसून हाक मारायचा, "ड्रायव्हर! शेतकऱ्याला कॉफी आणा!"

"शेतकऱ्यानं उठून घ्यावी. किटली शेजारीच आहे."

"कालवडींना पाणी दाखवलं का? तुम्हा नोकरदारांना त्यातलं काय कळणार म्हणा."

एक वाट होती. सप्टेंबरपासून बस सोडली तर या सालापुरतं शेतीचं पारडं जड झालं असतं, आणि दानाच्या वर्षी शेतकरी ठरली की झालं. वर्षाला हजारेक डॉलरचा फरक पडत होता, तोही पंधरा वर्षं. आर्डिसनं आठवडाभर विचार केला आणि ऑगस्टच्या शेवटी बसची किल्ली परत द्यायला गॅरेजवर गेली. तिथल्या मुकादमानं किल्ली घेतली, फळ्यावर टांगली आणि म्हणाला की तुमची सोंडेवरची फेरी आता खालच्या गावातल्या एका नव्या माणसाला देऊ.

"त्याला पुलाजवळचं वळण माहीत आहे?" आर्डिसनं विचारलं. "नोव्हेंबरात तिथं सकाळी काळा बर्फ असतो. दिसत नाही."

"कळेल त्याला."

"कसं कळेल?"

मुकादम फळ्यावरच्या बाकीच्या किल्ल्या नीट करायला लागला. आर्डिस दारापर्यंत गेली, परत आली, फळ्यावरची किल्ली काढून खिशात टाकली आणि घरी जाताना जोलीनकडे थांबली.

"हा मूर्खपणा आहे, बाई," जोलीन म्हणाली. तिला असं म्हणायचं धैर्य कुठून आलं कोण जाणे.

"आहेच. तुझ्या फॉर्मवर ड्रायव्हर लिही आणि मोकळी हो."

आता प्रश्न उरला ऑर्लिनचा. निम्मी जमीन त्याची. त्याच्या सहीशिवाय पान हलणार नव्हतं. पण व्हॅल्युअर बोलवायला तो लगेच तयार झाला. "बघायला काय जातंय," म्हणाला. खरं कारण असं की सरकारी कागदावरचा पक्का आकडा मिळाला तर बारमध्ये वाचून दाखवायला दलालांच्या पत्रांपेक्षा भारी होता. फीसाठी दोन कालवडी विकल्या. कुठल्या दोन, यावर तीन दिवस भांडण झालं.

मॅडिसनहून क्विग्ली नावाचे गृहस्थ आले. उंच, सडपातळ, कोरे करकरीत बूट. कालवडी हुंगायला जवळ आल्या की ते वही छातीशी धरायचे. आर्डिस त्यांना तीन दिवस जमीन दाखवत फिरली, आणि फिरताना त्यांनी आपलं काम समजावलं. जमीन आज गवताची असली तरी किंमत गवताची धरायची नसते. तिथं कायद्यात बसेल, जमिनीला झेपेल आणि गिऱ्हाईक मिळेल असं जास्तीत जास्त फायद्याचं काय होऊ शकतं, ते बघायचं असतं. थोडक्यात, ही सोंड वाचवायची तर आधी ती कुणीतरी नीट, काळजीपूर्वक, कागदावर उद्ध्वस्त करावी लागते. ते काम क्विग्लींचं.

"इथं एकोणतीस घरं बसतील," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले.

"सत्तावीस," आर्डिस म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात दोन मांडलीत ना? तिथं खाली पोकळ चुनखडी आहे. ब्याऐंशी साली आमचा अख्खा खतगाडा आत गेला."

क्विग्लींनी तिच्याकडे निरखून बघितलं. "बाई, घरं कमी झाली की तुमचं दान कमी होतं. सूटही कमी होते. लोक मला घरं वाढवायला सांगतात."

"खड्डा आहे तिथं खड्डा आहे. या, दाखवते."

त्यांनी खड्डा बघितला आणि दोन घरं पुसली.

पंधरा दिवसांनी ते नकाशा घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला. सुरेख काम होतं. माथ्यावरून वळत जाणारा रस्ता, त्याला 'ब्रेके रिज लेन' असं नाव, दोन्ही बाजूंना आकडे घातलेले सत्तावीस चौकोन. ऑर्लिन चष्मा लावून खाली वाकला. तो आकडा शोधत होता, किमतीचा. पण शोधता शोधता त्याचं बोट एका जागी थांबलं.

"हा चौदा नंबर कोण?"

"कुणी नाही," क्विग्ली म्हणाले. "तो एक प्लॉट आहे."

"याच्या घरापुढं हा चौकोन कसला?"

"गॅरेज. तीन गाड्यांचं."

"हे माझ्या झऱ्याच्या उशाशी आहे!"

"साहेब, ते गॅरेज अस्तित्वात नाही."

"नाही कसं? तीन गाड्या आहेत म्हणालात ना आत्ता! तीन गाड्या कशाला लागतात एका माणसाला? आणि तेल गळलं तर कुठं जाणार? ट्राउटच्या नाकात!"

"ऑर्लिन, बस खाली," आर्डिस म्हणाली. पण तिचंही लक्ष नकाशातच होतं. "क्विग्लीसाहेब, या नऊ नंबरवालीचं दार उत्तरेला ठेवलंत? जानेवारीत बर्फ कमरेपर्यंत येतो तिथं. मुलं कशी बाहेर काढणार ती?"

क्विग्ली कधी या भावाकडे तर कधी त्या बहिणीकडे बघत राहिले. वीस वर्षांच्या धंद्यात लोक त्यांच्याशी आकड्यावरून भांडले होते. न बांधलेल्या घरांतल्या माणसांवरून कुणी भांडलं नव्हतं. 'बाजारात तुरी' म्हणतात, पण इथं तर बाजारच कागदावर होता.

त्या दिवसापासून चौदा नंबरवाला ब्रेक्यांच्या घरात राहायलाच आला. सकाळच्या कॉफीला ऑर्लिन सांगायचा की तो नक्की हरणांना मका घालत असणार, फोटो काढायला. दोन दिवसांनी ऑर्लिननं चौदा नंबरवाल्याला मनानंच एक कुत्राही देऊन टाकला, पांढरा, केसाळ, सतत भुंकणारा. "कालवडी बुजवतो मेला," असं तो म्हणाला तेव्हा आर्डिसनं पाव भाजता भाजता विचारलं, "कोण?" आणि ऑर्लिननं कॉफीच्या कपात नाक खुपसलं.

सहीचे दिवस सरत होते. आर्डिसनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठावा दिवस पेन्सिलीनं गोल केला होता, पण एका शब्दानं बोलली नव्हती. ऑर्लिनला ढकललं की तो मागं सरकतो, हा तिचा सत्तर वर्षांच्या आसपासचा अनुभव होता.

मग एका शुक्रवारी तो नकाशा घेऊन बारमध्ये गेला. किंमत वाचून दाखवली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, लेनीनं त्याला एक ब्रँडी फुकट दिली. इथवर सगळं त्याच्या मनासारखं झालं. पण नकाशा हातोहात फिरला आणि जो तो आपापला प्लॉट निवडायला लागला. कुणी सहा घेतला, कुणी बावीस. बायकोला विचारून सांगतो, असंही एकजण म्हणाला. शेवटी छपरांची कामं करणारा एक दांडगा गडी नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "मला चौदा. झरा आहे ना तिथं? बिअर गार ठेवायला बरा."

ऑर्लिननं नकाशा त्याच्या हातातून ओढून घेतला, उरलेला मासा तसाच टाकला आणि घरी आला. आर्डिस बसायच्या खोलीत मोजे रफू करत होती. टोपीसुद्धा न काढता तो दारात उभा राहिला.

"कुठं सही करायची?"

"बस तर खरा आधी."

"बसत नाही. कुठं करायची सांग."

मधे एक कागद अडला होता. गठ्ठे बांधायच्या यंत्रापायी जमिनीवर बँकेचं थोडं कर्ज होतं, आणि कायदा सांगतो की उद्या कर्ज फिटलं नाही आणि बँकेनं जमीन घेतली तरी हे दान मोडता कामा नये. तसं बँकेनं सहीच्या आधीच लिहून द्यावं लागतं. डॅरेल म्हणाला, हेड ऑफिसला विचारावं लागेल, तीन महिने तरी लागतात. आर्डिस त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली, पूर्वी आरशातून बघायची तशी. डॅरेलचे कान लाल झाले. कागद गुरुवारी आला.

मग वँडा कॅमेरा घेऊन आली. आज जमीन कशी आहे याचे फोटो आणि नोंदी सहीआधी करून ठेवाव्या लागतात, पुढं कुणी काही बदललं तर ताडून बघायला. तिनं ओढा काढला, कुंपणं काढली, घळीत पडलेल्या मेलेल्या ट्रॅक्टरांचा ढीगही काढला. ऑर्लिन घरात जाऊन धुतलेला शर्ट घालून आला आणि ढिगाशेजारी उभा राहिला.

"काका, तुम्ही जमिनीचा भाग नाही आहात," वँडा म्हणाली.

"बाहत्तर वर्षं इथं आहे. हे ट्रॅक्टर माझ्यानंतरचे."

वँडानं फोटो काढला. तो अजून त्या फाइलमध्ये आहे.

त्रेपन्नाव्या दिवशी, हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या मंगळवारी, दोघांनी सह्या केल्या आणि कागद तालुक्याच्या दप्तरी नोंदला. वँडानं दोघांना संस्थेचं आभाराचं पत्र दिलं, ज्यात लिहिलेलं असावंच लागतं की या दानाच्या बदल्यात दात्याला काहीही मिळालेलं नाही. जाता जाता ऑर्लिनच्या डोक्यावर तिनं संस्थेची टोपीही ठेवली, बगळ्याचं चित्र असलेली. घरी येऊन ऑर्लिननं पत्र दोनदा वाचलं, टोपी काढली, तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"'काहीही नाही' लिहिलंय. मग ही टोपी?"

"चार डॉलरची टोपी आहे, ऑर्लिन."

"सगळं दान बाद होईल! ते टॅक्सवाले टोपीसाठीच टपलेले असतात!"

दुसऱ्या दिवशी आर्डिसनं वँडाला फोन लावून दिला. वँडानं समजावलं की असली किरकोळ भेट कायदा मोजतच नाही. ऑर्लिननं सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि टोपी खोक्यात घालून टपालानं परत पाठवली. टपालखर्च सहा डॉलर आला.

पुढच्या एप्रिलपासून दोघं सूट वापरायला लागली. जोलीननं पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, "ही सूट तुमच्या नावची आहे. माणूस गेलं की उरलेली त्याच्याबरोबर जाते. मागच्यांना मिळत नाही. तेव्हा पूर्ण वसूल करायची तर बाई, तुम्हाला त्र्याऐंशी गाठावी लागेल आणि काकांना सत्त्याऐंशी." ऑर्लिननं ते फार मनावर घेतलं. डॉक्टर दहा वर्षं सांगत होता ते त्यानं आता सुरू केलं: लोणी कमी, ब्रँडी एकच, आणि रोज पत्रपेटीपर्यंत चालत जाऊन यायचं. "सरकारला सूट ठेवू देणार नाही," म्हणायचा. दलालांची पत्रं अजून यायची. असले कागद ते लोक वाचत नाहीत. आता उत्तरं लिहायला त्याच्यापाशी खरंखुरं कारण होतं, आणि तो चार-चार पानी उत्तरं लिहायचा.

पाच वर्षं त्यानं सूट वापरली. सहाव्या वर्षी मार्चमध्ये, मेपलचा रस उतरायला लागला होता त्या आठवड्यात, पत्रपेटीवरून परत येऊन खुर्चीत बसला आणि उठला नाही. आर्डिस दुपारची फेरी संपवून आली तेव्हा किटली चुलीवर अजून वाफाळत होती. तिनं आधी चूल बंद केली. मग त्याचे बूट काढले, कारण ते ओले होते आणि त्याला ओले बूट आवडत नसत.

जोलीन त्याचा शेवटचा टॅक्सचा कागद घेऊन स्वतः घरी आली. "दहा वर्षांची सूट राहिली, बाई," ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही. "फार मोठी रक्कम आहे."

"त्याला सांगू नकोस," आर्डिस म्हणाली. "फार चिडेल."

ऑर्लिनचा निम्मा वाटा तिच्याकडे आला. तीन वर्षं तिनं एकटीनं ओढलं. बसही डोळ्यांच्या तपासणीनं बंद केली होती; पुलाजवळचं वळण तिनं नव्या ड्रायव्हरला तीन सकाळी शेजारी बसून शिकवलं आणि मगच किल्ली सोडली. शेवटी तिनं जमीन विकायला काढली, घर मात्र आपल्या हयातीपुरतं ठेवून. दलाल आले, कागद वाचला आणि गेले. आलं ते पलीकडच्या दरीतलं एक जोडपं, ब्रिटा आणि तिचा नवरा कोलमन. दुसऱ्यांच्या जमिनी भाड्यानं घेऊन चाळीस गाई पाळत होते, आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी त्यांना काढून तिथं घरं बांधत होतं.

ब्रिटानं किंमत ऐकली आणि नवऱ्याकडे बघितलं. "एवढी कमी का? जमिनीत काही दोष आहे का?"

"आहे," आर्डिस म्हणाली. "इथं कधीच घरं बांधता येणार नाहीत. तुम्हालाही नाही, तुमच्या मुलांनाही नाही. मुकाट्यानं गाई पाळाव्या लागतील."

"एवढंच?"

"वरच्या कोपऱ्यात एक खड्डाही आहे. तिथं गाडा नेऊ नका."

कोलमन मोठ्यानं हसला, मग बायको हसत नाही हे बघून थांबला. ब्रिटा खिडकीशी गेली होती आणि कुरणाच्या टोकापर्यंत बघत होती. जरा वेळानं तिनं विचारलं, पहिलं गवत साधारण कधी कापता? आर्डिसनं सांगितलं, जूनच्या पहिल्या आठवड्यात. कोलमन म्हणाला, आमच्याकडे मे अखेरीला कापतात. आर्डिस म्हणाली, तुमची दरी खाली आहे, ही सोंड आहे, इथं थंडी उशिरापर्यंत असते, मेमध्ये कापलंत तर निम्मं हाती येईल. कोलमन म्हणाला, आजकालच्या बियाण्याला तसं काही नसतं. आर्डिसनं कोट चढवला आणि काठी घेतली.

"चल बाहेर," ती म्हणाली. "आधी ही जमीन बघ, मग बियाणं सांग मला."